सूर्यकांत जौजे प्रभावती

अल मनखूल, दुबई
४ ऑक्टोबर १९९८

प्रिय हाफिजा,

सप्रेम नमस्कार. तुझी तब्येत बरी असणार, कारण बिघडली असती तर तू मला कळवून माझीही बिघडवली असतीस. पत्राला कारण आहे. ते दोन पानांचं आहे, शाळेच्या शिक्क्याचं आहे, आणि त्याची प्रत सोबत जोडली आहे. अलीमियाँच्या पिकअपने पाठवतेय. रास अल खैमाहून फरशा घेऊन इथे दुबईत देऱ्याला येणारा माणूस परतताना रिकामा जातो, तर माझं ओझं नेऊ दे. फोन केला असता, पण आपण मराठीत बोलायला लागलो की तुमच्या टायपिंग सेंटरचा मॅनेजर, तुझा तो मुदीर, घड्याळ दाखवतो असं तूच म्हणालीस.

तर आमच्या शाळेने असा शोध लावलाय की गेले सोळा महिने मी चुकून जास्त घरभाडं खाल्लं. सूर्यकांतरावांची एसीची कंपनी बंद पडल्यावर त्यांचा आणि समिधाचा व्हिसा मी माझ्यावर घेतला हे तुला माहीत आहे. तेव्हापासून शाळा मला फॅमिलीच्या दराने घरभाडं देते, महिना चोवीसशे. आता अकाउंट्सला नवे ऑफिसर आलेत, परेश नावाचे. वय तीस, टाय पन्नास वर्षांचा. त्यांनी माझा करार इंग्रजीत वाचला. त्यात 'एम्प्लॉयी, हिज वाइफ अँड चिल्ड्रन' असं आहे. मला वाइफ नाही. म्हणून मी सिंगल. सिंगलला बाराशे. फरक बाराशेचा, असे सोळा महिने, म्हणजे एकोणीस हजार दोनशे दिरहम. आपले दोन लाख वीस हजार रुपये. दरमहा आठशे पगारातून कापणार, दोन वर्षं. खाली एक ओळ छापली आहे: 'मला जास्त रक्कम मिळाली हे मला मान्य आहे.' आणि माझ्या सहीसाठी ठिपक्यांची रेघ.

मी परेशना विचारलं, "नवरा, मुलगी आणि मी एका घरात राहतो, त्याला तुमच्याकडे काय म्हणतात?"

ते म्हणाले, "मॅडम, पॉलिसीत त्याला शब्द नाही."

"सिंगल हा आहे?"

"तो आहे."

"हे गळ्यातलं दिसतंय ना?"

"मॅडम, ते पर्सनल आहे."

बाई, आमच्या संस्कृत व्याकरणात यावर फार जुना तोडगा आहे. एकशेष म्हणतात त्याला. आई आणि वडील मिळून 'पितरौ'. शब्द उरतो वडिलांचा, पण आत आई बसलेली असते. तशी त्या 'हिज'च्या आत मी बसले आहे, असं मी त्यांना समजावलं. ते म्हणाले, ऑडिटला चालणार नाही. आणखी एक किरकोळ कारणही त्यांनी तोंडी सांगितलं, ते जाऊ दे.

माझा करार मार्चअखेर संपतो. करार गेला की व्हिसा गेला, माझा एकटीचा नाही, तिघांचा. समिधा आठवीत आहे. ती म्हणते, "आई, जस्ट साइन इट ना." मी सही करणार नाही. जे मी चोरलं नाही ते चोरल्यासारखं परत करणार नाही. तुझ्या मशीनवर अरबीत एक कडक उत्तर टाइप करून दे. नम्रता घालू नकोस, ती मी इतकी वर्षं आगाऊ भरून ठेवली आहे.

तुझी,
प्रभा


रास अल खैमा
९ ऑक्टोबर १९९८

प्रभे, सलाम.

पत्र पोचलं. फरशीची भुकटी झटकून वाचलं.

पहिली गोष्ट, कशावरही सही करू नको. हजेरीबुकावरसुद्धा वाचून कर. आमच्या सेंटरला रोज दहा माणसं येतात. आधी सही करतात, मग विचारतात, ताई, यात लिहिलंय काय? तू निदान उलट केलंस. हर्णैच्या शाळेतला तुझा पहिला नंबर अगदीच फुकट गेला नाही.

दुसरी गोष्ट, नीट समजून घे गो. मालकाने खरंच जास्त पैसे दिले असतील तर तो परत कापू शकतो. पण पगाराच्या दहाव्या हिश्श्यावर नाही. तुझा पगार अडतीसशे, तिथे आठशे कापणं म्हणजे लूट. आणि ते 'खरंच' ठरवणार कोण? तुझा टायवाला नाही. लेबर ऑफिसातला साहेब. तिथे इंग्रजी करार म्हणजे वडे बांधायचा कागद. अरबीत काय आहे तेवढंच चालतं. तुझा करार दोन रकान्यांचा असेल, उजवीकडचा रकाना कधी बघितलास का? त्याची प्रत पाठव.

तिसरी गोष्ट. 'किरकोळ' कारण काय आहे? तुझ्या किरकोळची मला धास्ती आहे. सातवीत किरकोळ ताप म्हणून टायफॉइड घेऊन परीक्षेला बसली होतीस. सूर्यकांतभाऊ काही कमावतात का? आमचे वली म्हणत होते, गणपतीच्या मेळाव्यात भाऊ कुणाला तरी कार्ड देत होते. कसलं कार्ड?

हाफिजा


अल मनखूल
२० ऑक्टोबर १९९८

प्रिय हाफिजा,

सूर्यकांतराव रोज सकाळी नऊला शारजाला जातात. तिथे एसीच्या कामांचा सल्ला देतात. कार्ड त्याचंच. सल्ल्याचं असं आहे की लोक तो घेतात आणि पैशाचं बोलणं पुढच्या भेटीवर ढकलतात. एवढं उत्तर पुरे.

आता वाईट बातमी. या पगारात आठशे कापले. मी सही केली नाही, तरी कापले. परेश म्हणाले, "सिस्टिमने कापले, मॅडम." मी म्हटलं, सिस्टिमला बोलवा, मला बोलायचंय.

दुसरी वाईट बातमी मी स्वतःच शोधून काढली. पाचवीच्या मुलांच्या शेजारी बसून मी अरबी मुळाक्षरं शिकले आहे, हे तुला सांगितलं नव्हतं, हसशील म्हणून. उजवीकडचा रकाना मी एक एक अक्षर लावून वाचला. 'मुवज्जफ' लागलं, म्हणजे नोकरदार. त्यापुढे ज़े, वाव, जीम. जौज. आणि तिथे मी पुस्तक मिटलं. हा शब्द मला शिकवायला अरबस्तान नको. आमच्या आत्याच्या जमिनीच्या उताऱ्यावर तो शंभर वर्षं बसला आहे, 'सगुणा जौजे दौलत'. सगुणा, दौलतची बायको. हर्णैतल्या प्रत्येक तलाठ्याला तो शब्द येतो. म्हणजे इंग्रजीत वाइफ आणि अरबीत जौजे. दोन्ही दारं बंद.

तरी मी सही करणार नाही. हरायचंच असेल तर तोंड उघडून हरेन. प्रत सोबत आहे, तू फाईलला लाव किंवा वडे बांध.

प्रभा


रास अल खैमा
२७ ऑक्टोबर १९९८

प्रभे,

तुझं पत्र मी दुकानात वाचलं आणि एवढी हसले की मुदीर पाणी घेऊन आला. पंडितीणबाई, तुझ्या तलाठ्याने अरबी शिकली कुठे? त्याने शब्द घेतला आणि अर्धा करून ठेवला.

जौज म्हणजे बायको नाही. जौज म्हणजे जोडीतलं दुसरं. नवऱ्याची बायको जौज आणि बायकोचा नवराही जौज. इथल्या बायका आज नवऱ्यालाच जौज म्हणतात. नुसती बायकोच म्हणायची असती तर शब्दात 'ते' हे अक्षर आलं असतं, 'जौजतुहू'. तुझ्या करारात ते अक्षर नाही. मी भिंग लावून बघितलं, मुदीरलाही दाखवलं. तो म्हणाला, ज्याने हे टाइप केलं तो जुन्या वळणाचा माणूस असणार, कुराण शरीफात जसं येतं तसं लिहिलंय. नोकरदार आणि त्याचं जोडीदार माणूस आणि मुलं. बस्स. इंग्रजी करणाऱ्याने घाईत वाइफ केलं.

म्हणजे अरबीप्रमाणे तुझ्या घरात मामला असा आहे: सूर्यकांत जौजे प्रभावती. उताऱ्यावर चढवून घे.

अर्ज मी टाइप केलाय. कडक आहे. साहेबाला आदर, शाळेला नाही. तुझ्या सहीची जागा पेन्सिलीने खुणावली आहे. पण आणखी एक कागद लागेल आणि त्याशिवाय अर्ज लंगडा आहे. सूर्यकांतभाऊंनी लिहून द्यायचं की मला नोकरी नाही, मला कुणी घर देत नाही, मी आणि माझी मुलगी माझ्या बायकोवर अवलंबून आहोत. तीन ओळी. मी टाइप करून ठेवल्यात. भाऊंची सही घे आणि अलीमियाँकडे दे. सल्ल्याचे थोडेफार मिळत असतील तर तेही खरं लिही, लपवू नको.

हाफिजा


रास अल खैमा
२१ नोव्हेंबर १९९८

प्रभे,

पंचवीस दिवस झाले. अलीमियाँ सहा वेळा आला आणि सहा वेळा हात हलवत गेला. मी तीन ओळींचा कागद मागितला, तू सगळा पत्रव्यवहारच बंद केलास.

राग नको मानू, पण सांगते. परवा वली गाडीच्या पार्टसाठी देऱ्याला गेले होते. सकाळी अकराला खाडीवर अब्रा होड्यांच्या धक्क्यावर सूर्यकांतभाऊ बाकावर बसलेले. इस्त्रीचा शर्ट, शेजारी ब्रीफकेस, मांडीवर डबा. वलींनी सलाम केला तर म्हणाले, क्लायंटची वाट बघतोय. दोनला वली परत आले तेव्हाही तिथेच. शारजा खाडीच्या काठावर कधी आली गो?

मला खरं सांग. अर्ज खोट्यावर उभा करता येत नाही, मी टाइप केला असला तरी.

हाफिजा


अल मनखूल
२६ नोव्हेंबर १९९८

प्रिय हाफिजा,

वलीभाईंना सांग की त्यांनी बरोबर बघितलं. शारजा नाही, सल्ला नाही, क्लायंट नाही. दीड वर्षाहून जास्त झालं. रोज नऊला डबा घेऊन निघतात, पाचला येतात. आल्यावर स्वयंपाक तेच करतात, कारण मी वह्या तपासत असते. शेजाऱ्यांना यातलं फक्त नऊचं दिसतं.

आणि माझं 'किरकोळ' कारण ऐक. गणपतीच्या मेळाव्यात ज्यांना कार्ड दिलं ते परेश. आमचे हे मोठ्या ऐटीत म्हणाले, "धंदा बरा चाललाय, वाढवायचा विचार आहे." परेशनी दुसऱ्या दिवशी माझी फाईल काढली. नवरा कमावतो, मग बाईला फॅमिलीचा दर कशाला? तिथून तो 'हिज वाइफ' निघाला. म्हणजे एकोणीस हजारांचं हे कुलूप आमच्याच कार्डाने उघडलं. तुला हे लिहायला महिना लागला, यावरून समज.

तुझा कागद मी त्यांच्यापुढे ठेवला होता. त्यांनी वाचला, घडी घातली आणि परत माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, "शाळेच्या कागदावर सही कर. मी गावची जागा विकतो, एकरकमी भरून टाकू." मी म्हटलं, "पैशाचा प्रश्न नाही." ते म्हणाले, "माझाही पैशाचा नाही." खरं सांगायचं तर अजून आम्ही नीट बोलत नाही आहोत. वेलची कमी झाली, गॅस संपला, एवढंच. समिधा मध्ये बसून भाषांतर करते, "बाबा सेज़ द मिल्क इज़ ओव्हर."

मला त्यांचा राग नाही. चौदा वर्षं त्यांनी घर चालवलं तेव्हा मीही कुठल्यातरी कागदावर 'अवलंबून' होते, आणि मला त्याचं काही वाटलं नव्हतं. त्यांना वाटतं. पण त्यांना वाटतं म्हणून मी खोट्यावर सही करणार नाही, आणि शाळेला वाटतं म्हणूनही नाही.

काल प्रिन्सिपॉलबाईंनी बोलावलं. दहा डिसेंबरपर्यंत सही, नाहीतर मार्चनंतरचं सांगता येत नाही. मी म्हटलं, "बाई, मलाही सांगता येत नाही, त्यासाठी ज्योतिष वेगळं शिकावं लागतं." त्या हसल्या नाहीत.

सोबत माझी सही केलेला अर्ज. लंगडा तर लंगडा, दाखल कर. मी एकटी जाईन.

प्रभा


रास अल खैमा
३ डिसेंबर १९९८

प्रभे,

अर्ज वलींनी स्वतः देऱ्याला लेबर ऑफिसात नेऊन दिला. तारीख मिळाली, १४ डिसेंबर, सोमवार, सकाळी दहा. मूळ करार ने, प्रत नाही. भाऊंचा व्हिसा बघायला पासपोर्ट ने. भाऊ येत नसतील तर राहू दे. साहेबाने विचारलं तर सांग, आहेत, पण आले नाहीत. रडू नको. आणि संस्कृत काढू नको.

धक्क्याचं मी तुला लिहायला नको होतं असं वली म्हणतात. मला तसं वाटत नाही.

हाफिजा


अल मनखूल
१६ डिसेंबर १९९८

प्रिय हाफिजा,

आता सगळं क्रमाने. तू मध्येच शेवट वाचू नकोस.

दहा तारीख सही न करताच गेली. सोमवारी सकाळी मी पासपोर्ट शोधला तर कपाटात सूर्यकांतरावांचा नाही. समिधाला विचारलं, तर म्हणाली, "बाबा टुक इट." हे नेहमीसारखे डबा घेऊन गेलेले. मी माझाच घेऊन निघाले. लेबर ऑफिसात पुरुषांची रांग दारापर्यंत, बायकांचं बाक रिकामं. परेश आलेले होते, शाळेचा अरबी बोलणारा माणूस बरोबर. मला म्हणाले, "मॅडम, इथपर्यंत यायची गरज नव्हती." मी म्हटलं, "मलाही तुम्हाला भेटायला इतकं लांब यायचं नव्हतं."

साहेब वयस्क, अंगात पायघोळ पांढराशुभ्र कंदुरा, आणि हिंदी बरीच येणारे. तुझा अर्ज वाचताना मान हलवत होते. मग म्हणाले, "तुम्हारा मर्द किधर?"

मी तू सांगितलंस तेच म्हणायला तोंड उघडलं, तर दारातून आवाज आला, "इधर." डबा हातात, पासपोर्ट खिशात. किती वेळ उभे होते देव जाणे.

परेशनी लगेच ते कार्ड टेबलावर ठेवलं. "सर, ही इज अ कन्सल्टंट. ही हॅज इन्कम." साहेबांनी कार्ड उलटसुलट बघितलं. "कितना मिलता है इसमें?"

हाफिजा, मी खाली बघत होते. मला त्यांचं तोंड बघायचं नव्हतं.

सूर्यकांतराव म्हणाले, "साब, ये कार्ड पचास दिरहम में छपा. उसके बाद इससे एक दिरहम नहीं आया."

"फिर घर कौन चलाता?"

"ये. मैं इनके वीज़े पे हूँ. बीस महीने से इनका दिया खाता हूँ." मग थांबले आणि म्हणाले, "पकाता मैं हूँ."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "खाना अच्छा बनाता?"

मी म्हटलं, "नमक थोड़ा ज़्यादा."

साहेब मोठ्याने हसले. परेशसुद्धा हसले, मग आठवून थांबले. त्यांनी इंग्रजी करार पुढे केला, बोट 'वाइफ'वर. साहेबांनी तो बाजूला सरकवला. "इंग्लिस खलास. अरबी." उजवा रकाना स्वतः वाचला, शाळेच्या माणसाला तिथे बोट ठेवायला लावलं आणि मोठ्याने वाचायला लावलं. त्याने वाचून बोट काढून घेतलं. साहेब आधी माझ्याकडे, मग यांच्याकडे बोट दाखवत म्हणाले, "ये जौज. ये भी जौज. दोनों एक घर में. पैसा ज़्यादा किधर गया?"

परेश बाहेर जाऊन फोन करून आले. म्हणाले, शाळा वसुली सोडून देते, कापलेले सोळाशेही परत, गुडविल म्हणून, माफ. त्यांनी कागदही लिहिला. मी वाचला. तू शिकवलंस तसा वाचला. मी म्हटलं, "माफ हा शब्द काढा."

"मॅडम, पैसे मिळतायत ना?"

"माफ करायला मी केलं काय ते आधी लिहा, मग माफ करा."

साहेबांनी काय चाललंय ते विचारलं. सूर्यकांतरावांनी सांगितलं, माझ्यापेक्षा बरं सांगितलं. साहेबांनी आपल्या पेनने तो शब्द खोडला आणि वर अरबीत लिहिलं: देणं होतं, दिलं. मग मी सही केली. मग सूर्यकांतरावांनी तुझ्या तीन ओळींवर केली. तो कागद त्यांच्या खिशात होता, घडी घालून घालून मऊ झालेला.

बाहेर आल्यावर आम्ही जिन्यातच डबा खाल्ला. मीठ बेताचं होतं.

प्रभा


अल मनखूल
२९ जानेवारी १९९९

प्रिय हाफिजा,

तुला वाटलं असेल, जिंकली आणि विसरली. तसं नाही, शाळेने कामाला लावलंय.

ईदच्या सुट्टीनंतर शाळेने नवा करार काढला. उजव्या रकान्यात तू सांगितलेलं 'ते' अक्षर आता आलं आहे, म्हणजे नुसती बायको. मी शोधून काढला, पाचवीची मुलं मदतीला होती. आणि खाली नवं कलम: महिला शिक्षकांना घरभाडं सिंगलच्या दराने, कुटुंब सोबत असो वा नसो. गुरुवारपर्यंत अकरा जणींनी सही करायची. म्हणजे मला दिलं ते खरं होतं हे मान्य, फक्त यापुढे कुणाला द्यायचं नाही.

स्टाफरूममध्ये जीवशास्त्राच्या तहसीन मॅडमनी विचारलं, "प्रभा मॅडम, तुम्ही करणार?" मी म्हटलं, "नाही." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. त्यांच्या नवऱ्याचं हृदयाचं ऑपरेशन झालंय, तेही त्यांच्या व्हिसावर आहेत. मग कळलं की अकरापैकी चौघींचे नवरे बायकोच्या व्हिसावर आहेत. इतकी वर्षं एका टेबलावर डबे खाल्ले आणि एकीने दुसरीला सांगितलं नाही. सगळ्यांचे नवरे कन्सल्टंट.

गुरुवारी अकरा करारांपैकी आठ कोरे परत गेले. प्रिन्सिपॉलबाई मला म्हणाल्या, संस्कृत बंद करून फ्रेंच सुरू करता येईल. मी म्हटलं, जरूर करा, फ्रेंचच्या बाईंनाही नवरा असेलच. मार्चमध्ये मला ठेवतील की नाही ठाऊक नाही. नाही ठेवलं तर तिघं हर्णैला जाऊ, तिथेही एसी बिघडतातच. पण त्या कलमावर माझी सही नसेल.

आता तुझं काम. या नव्या कलमाविरुद्ध चार अर्ज टाइप करायचे आहेत, माझा धरून. चौघींचे जुने करार सोबत आहेत. प्रत्येक अर्जाला नवऱ्याच्या तीन ओळी लागतील, आणि अडचण तिथेच होती. तहसीन मॅडम म्हणाल्या, बाकी सगळं होईल, पण हे माझे लिहून देणार नाहीत. दुसऱ्या दोघीही तेच म्हणाल्या.

तेव्हा सूर्यकांतराव म्हणाले, "मी जाऊन बोलतो." गेल्या आठवड्यापासून रोज नऊला निघतात ते एकेकाच्या घरी जातात. आत काय बोलतात मला माहीत नाही, दार लावून घेतात. तहसीनच्या यजमानांनी पहिल्याच दिवशी सही केली. दुसऱ्यांना तीन भेटी लागल्या, तिसऱ्या भेटीत दोघांनी मिळून त्यांच्या घरी पोळ्या केल्या म्हणे. तिसरे अजून दार उघडत नाहीत. आज हे पुन्हा तिकडेच गेलेत. जाताना म्हणाले, जेवायला थांबू नका, त्या गृहस्थाला वेळ लागणार.

कागद जास्तीचा मागवून ठेव. दर अर्जाचे पंधरा दिरहम चौघी आपापले देणार आहोत. मुदीरला सांग, सवलत नको.

तुझी,
प्रभा